लीजची ऐंशी वर्षं उरायच्या आत: इंग्लंडमधल्या फ्लॅटची लीज कशी वाढवायची

एजंट म्हणाला, "वन ट्वेंटी फाइव्ह इयर्सची लीज आहे," आणि आम्ही दोघांनी माना डोलावल्या. सव्वाशे वर्षं! आपण काय, आपली नातवंडंसुद्धा म्हातारी होतील. ही गोष्ट 2021 मधली. उत्तर-पश्चिम लंडनमधला एक बेडरूमचा फ्लॅट, वर्षाला 150 पौंड ग्राउंड रेंट, म्हणजे जमिनीच्या मालकाला द्यायचं भाडं. एजंट खोटं बोलला नव्हता. फक्त ती सव्वाशे वर्षं 24 जून 1980 पासून मोजायची होती, एवढं त्याने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. दोन वर्षांनी मी कागद काढून बोटांवर मोजलं तेव्हा 81 वर्षं आणि काही महिने शिल्लक होते.

इंग्लंड-वेल्समध्ये पहिल्यांदा फ्लॅट घेतलेल्या किंवा घेणार असलेल्या आपल्या लोकांसाठी हे लिहिते आहे. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे, तिथे हे लागू नाही.

आधी थोडक्यात: लीजहोल्ड फ्लॅट म्हणजे ठरावीक वर्षांसाठी विकत घेतलेला हक्क. इमारत आणि जमीन फ्रीहोल्डरची. मुदत संपली की फ्लॅट कायद्याने त्याच्याकडे परत जातो. नवी मुंबईच्या लोकांना हे समजायला सोपं, सिडकोची जमीन तिथे साठ वर्षांच्या लीजवरच दिलेली आहे. पण तिथे जमिनीच्या लीजची काळजी बहुतेक करून सोसायटी वाहते. इथे प्रत्येक फ्लॅटची लीज वेगळी आणि ती वाढवायची जबाबदारी ज्याची त्याची. मुदत कमी होत जाते तशी फ्लॅटची किंमत पडते, बँका मॉर्गेज द्यायला कांकू करतात आणि विकायला काढलात तर गिऱ्हाईक तोंड फिरवतं.

पायरी 1: किती वर्षं उरली ते स्वतः मोजा

एजंटवर, विकणाऱ्यावर, अगदी आपल्या आठवणीवरही विसंबू नका. लँड रजिस्ट्रीच्या सरकारी संकेतस्थळावरून आपल्या फ्लॅटचं टायटल रजिस्टर मागवा. डिसेंबर 2024 पासून त्याला 7 पौंड पडतात. त्यात लीजची तारीख, मुदत आणि मुदत कधी सुरू झाली हे लिहिलेलं असतं. यातली शेवटची गोष्ट महत्त्वाची. लीजवर सही झाली तो दिवस आणि मुदत सुरू होते तो दिवस पुष्कळदा निराळे असतात. मुदत बरेचदा 25 मार्च, 24 जून, 29 सप्टेंबर किंवा 25 डिसेंबर अशा जुन्या तिमाही दिवसांपासून धरतात, आणि इमारतीतल्या सगळ्या फ्लॅट्सना तोच दिवस लावलेला असतो. म्हणजे 1983 साली विकलेल्या फ्लॅटची लीजसुद्धा 1980 पासून चालू असू शकते. माझ्या फ्लॅटचं तसंच निघालं.

त्याच वेळी फ्रीहोल्डचं रजिस्टरही मागवा. मालक कोण, तुमच्या आणि त्याच्या मध्ये आणखी कुणी हेड-लीजवाला (फ्रीहोल्डरकडून लीज घेतलेला मधला मालक) बसलाय का, हे त्यात कळतं. पुढे लीज वाढवून मागायची नोटीस कुणाला द्यायची ते यावर ठरतं. चुकीच्या माणसाला दिलेली नोटीस म्हणजे नोटीसच नाही.

रजिस्टरवर फ्रीहोल्ड शेजाऱ्यांच्या आणि तुमच्या मिळून केलेल्या कंपनीच्या नावे निघाला तर नशीब जोरावर आहे. आपसात ठरवून 999 वर्षांची लीज करून घ्या, सॉलिसिटरची फी तेवढी लागेल. बाकीच्यांनी पुढे वाचावं.

पायरी 2: ऐंशीचा आकडा समजून घ्या

लीज वाढवायची किंमत, म्हणजे प्रीमियम, तीन गोष्टींची बेरीज असते. एक, मालकाचं बुडणारं ग्राउंड रेंट. दोन, मुदत संपल्यावर त्याला परत मिळणारा फ्लॅट आता नव्वद वर्षं उशिरा मिळणार, त्याची भरपाई. आणि तीन, मॅरेज व्हॅल्यू. लीज वाढली की फ्लॅटची किंमत वाढते, आणि ती वाढ तुमचा हक्क आणि मालकाचा हक्क एकत्र आल्यामुळे झाली असं कायदा धरतो, म्हणून हे नाव. त्या वाढीतला निम्मा वाटा मालकाचा. लग्न तुमच्या फ्लॅटचं, आहेर त्याला.

मात्र लीज 80 वर्षांहून जास्त उरली असेल तर मॅरेज व्हॅल्यू शून्य. बरोबर 80 किंवा त्याहून एक दिवसही कमी, तर ती द्यावी लागते. आकड्यांत बघू या, कारण मला स्वतःला हे आकडे मांडेपर्यंत पटत नव्हतं.

समजा लांब लीज असताना फ्लॅटची किंमत 3,00,000 पौंड, ग्राउंड रेंट वर्षाला 150 आणि ते वाढत नाही. पुढे मिळायच्या पैशांची आजची किंमत काढायला ग्राउंड रेंटसाठी 7 टक्के दर धरला. परत मिळणाऱ्या फ्लॅटसाठी 5 टक्के. फ्लॅट्ससाठी हा दर स्पोर्टेली नावाच्या खटल्यात 2006 साली ठरला आणि तोच सर्रास वापरतात.

81 वर्षं उरली असताना: ग्राउंड रेंटचे साधारण 2,134, फ्लॅट परत मिळण्याच्या हक्काचे 5,765, त्यातून नव्या लीजनंतरही मालकाकडे उरणाऱ्या हक्काचे 71 वजा. एकूण 7,828 पौंड.

78 वर्षं उरली असताना पहिल्या दोन भागांचे 8,723 होतात, म्हणजे फारसा फरक नाही. पण आता मॅरेज व्हॅल्यू येऊन बसते. 78 वर्षांचा फ्लॅट लांब लीजच्या फ्लॅटच्या 93 टक्के किमतीला जातो असं धरलं, तर फरक 21,000 चा; त्यातून वरचे 8,723 वजा जाता वाढ 12,277 ची, तिचे निम्मे 6,138. एकूण 14,861 पौंड.

तीन वर्षं टंगळमंगळ केली आणि खर्च जवळजवळ दुप्पट. शिवाय ते 93 टक्के मी धरलेले आहेत. खरा आकडा किती, यावर दोन्हीकडचे व्हॅल्युअर (किंमत ठरवणारे तज्ज्ञ) भांडतात, आणि मालकाचा व्हॅल्युअर तो खाली ओढतो.

पायरी 3: नव्या कायद्याची वाट बघायची का?

आपल्या मंडळींच्या गप्पांत हा प्रश्न हमखास निघतो. 24 मे 2024 ला नवा लीजहोल्ड सुधारणा कायदा मंजूर झाला. त्यात नव्वदऐवजी 990 वर्षं, मॅरेज व्हॅल्यू रद्द, आणि मालकाचा खर्च सहसा आपल्या माथी नाही, अशी मोठी आश्वासनं आहेत. पण कायदा मंजूर होणं आणि कलमं लागू होणं यात इथेही अंतर असतं. 2025 संपेपर्यंत यातली एकही गोष्ट लागू झाली नव्हती. लीज वाढवण्यापुरती लागू झाली ती एकच वेगळी गोष्ट: पूर्वी फ्लॅट तुमच्या नावावर होऊन दोन वर्षं झाल्याशिवाय हक्क मिळत नसे, ती अट 31 जानेवारी 2025 ला गेली. तुम्ही वाचाल तेव्हा काय स्थिती आहे ते सरकारी संकेतस्थळावर तपासून घ्या.

माझं मत असं: लीज 80 च्या वर आहे पण जवळ येतेय, तर थांबू नका. खाली गेलीच आहे आणि फ्लॅट इतक्यात विकायचा किंवा मॉर्गेज बदलायचं नाही, तर थोडं थांबण्यात अर्थ असू शकतो. 60-65 वर्षं उरली आहेत आणि पुढच्या वर्षी विकायचाय, तर थांबायची चैन तुम्हाला परवडणार नाही. 120 वर्षं उरली असतील तर हा लेख बंद करून चहा घ्या.

पायरी 4: मालकाच्या पत्राला भुलू नका

कायद्याचा रस्ता 1993 च्या कायद्यातला. उरलेल्या मुदतीवर 90 वर्षं वाढतात आणि ग्राउंड रेंट पेपरकॉर्नवर येतं, म्हणजे शब्दशः वर्षाला मिरीचा एक दाणा, तोही मालकाने मागितला तर. व्यवहारात शून्य. फ्लॅटमध्ये स्वतः राहत असण्याची अटही नाही. पुण्याला परत गेलात आणि फ्लॅट भाड्याने दिलाय, तरी हक्क शाबूत.

दुसरा रस्ता आपसातला. फ्रीहोल्डरशी परस्पर बोलायचं, तो जे म्हणेल त्यावर घासाघीस करायची. मी चौकशीचा एक ईमेल केला आणि आठवड्यात गुळगुळीत कागदावर ऑफर आली: लीज पुन्हा 99 वर्षांची करून देतो, 5,500 पौंड, उत्तर 28 दिवसांत. ऐकायला स्वस्त. पण 81 ची 99 म्हणजे वाढली फक्त अठरा वर्षं. वीसेक वर्षांत पुन्हा तोच खेळ. आणि ग्राउंड रेंटचा उल्लेख तिसऱ्या पानावर, बारीक अक्षरात: जुनी मुदत संपेपर्यंत चालू राहील. 2022 च्या कायद्यानुसार अशा वाढीव मुदतीला ग्राउंड रेंट लावता येत नाही, पण मूळ मुदतीतलं चालू ठेवता येतं. त्या फटीचा हा फायदा.

आपसातला रस्ता नेहमीच वाईट असतो असं नाही. मालक सरळ असेल, 90 वर्षं आणि शून्य ग्राउंड रेंट देत असेल, तर वेळ आणि फी वाचते. पण एक ध्यानात ठेवा: नुसत्या बोलण्याने घड्याळ थांबत नाही. बोलता बोलता लीज 80 च्या खाली गेली तर मालक उद्या आकडा बदलू शकतो. 80 जवळ असेल तर आधी नोटीस द्या, मग खुशाल बोलत बसा.

पायरी 5: दोन माणसं नेमा

एक व्हॅल्युअर, एक सॉलिसिटर. फ्लॅट घेताना ज्याने कागद केले तोच सॉलिसिटर हेही करेल असं धरू नका, हे वेगळं काम आहे. यातच मुरलेल्यांची अॅलेप नावाची संघटना आहे, तिची यादी बघा. व्हॅल्युअर आरआयसीएस या सर्व्हेअर लोकांच्या व्यावसायिक संस्थेचा सभासद असावा आणि त्याला तुमच्या भागातले भाव माहीत असावेत. दोघांनाही एकच प्रश्न विचारा: गेल्या वर्षी अशी किती कामं केलीत? त्याआधी लीजहोल्ड अॅडव्हायझरी सर्व्हिस या सरकारी संस्थेचा फुकटचा सल्ला घ्या. त्यांच्या संकेतस्थळावर प्रीमियमचा अंदाज देणारा कॅल्क्युलेटरही आहे. अंदाजच तो, पण कुणी तुम्हाला बनवत असेल तर लगेच लक्षात येतं.

खर्चाचा हिशेब करताना लोक प्रीमियम धरतात आणि फी विसरतात. आपल्या दोघांची फी तर आहेच, पण सध्याच्या नियमानुसार मालकाच्या व्हॅल्युअरचा आणि वकिलाचा वाजवी खर्चही आपणच द्यायचा. मात्र भावाच्या वाटाघाटींचा आणि ट्रायब्युनलमधला (असे तंटे सोडवणाऱ्या न्यायाधिकरणातला) त्याचा खर्च आपल्यावर येत नाही. बिलात ते घुसडलंय का, हे ओळ न ओळ वाचून बघा. माझ्या बिलात घुसडलं होतं. सॉलिसिटरने एक ईमेल टाकला आणि 340 पौंड कमी झाले.

पायरी 6: 1993 च्या कायद्यातल्या कलम 42 ची नोटीस

सगळ्या प्रकरणाचा कणा ही नोटीस. ती दिली त्या तारखेचं मूल्यांकन धरलं जातं, घड्याळ तिथे थांबतं. नंतर वाटाघाटी वर्षभर चालल्या आणि लीज 80 च्या खाली घसरली, तरी फरक पडत नाही.

नोटिशीत तुमची आणि लीजची माहिती, तुम्ही देऊ केलेली रक्कम, हव्या असलेल्या अटी आणि मालकाने कोणत्या तारखेपर्यंत उत्तर द्यायचं ते लिहावं लागतं. ती तारीख किमान दोन महिने पुढची हवी. रक्कम कमी लिहा, पण हास्यास्पद नको; एक पौंड लिहिलात तर नोटीसच रद्दबातल ठरायची भीती. साधारणपणे व्हॅल्युअर दोन आकडे देतो, कुठून सुरुवात करायची आणि कुठवर जायचं. आमची नोटीस फेब्रुवारी 2024 मध्ये गेली, 6,200 ला. खरं तर आधीच द्यायची होती, पण तेव्हा दोन वर्षांची अट होती आणि ती वर्षं खरेदीपासून नाही तर रजिस्ट्रीत नाव लागल्यापासून मोजत. आमचं नाव लागायलाच पाच महिने गेले होते.

फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर नोटीस दोघांची हवी. नोटिशीवर आता सॉलिसिटर तुमच्या वतीने सही करू शकतो, त्यामुळे नवरा भारतात गेलाय म्हणून काम अडत नाही.

नोटीस गेल्या गेल्या सॉलिसिटरला लँड रजिस्ट्रीत तिची नोंद करायला सांगा. मधेच फ्रीहोल्ड विकला गेला तर नव्या मालकावरही ती बंधनकारक राहते.

ज्यांनी अजून फ्लॅट घेतलेला नाही त्यांच्यासाठी: लीज 80 च्या आसपास असेल तर विकणाऱ्याला नोटीस द्यायला लावा आणि तिचा हक्क खरेदीच्या वेळीच स्वतःकडे घ्या. दोन्ही गोष्टी एकदमच व्हाव्या लागतात. फ्लॅट आज आणि नोटीस उद्या असं केलं तर नोटीस मेली. दोन वर्षांची अट गेली असली तरी रजिस्ट्रीत नाव लागेपर्यंत तुम्हाला स्वतःची नोटीस देता येत नाही, आणि तेवढ्यात ऐंशीची रेघ ओलांडली जाऊ शकते.

पायरी 7: नोटिशीनंतर

मालक मालकीचा पुरावा मागू शकतो, त्याला 21 दिवसांत उत्तर द्या. तो डिपॉझिट मागू शकतो: तुम्ही लिहिलेल्या रकमेच्या 10 टक्के किंवा 250 पौंड, यातली मोठी रक्कम, चौदा दिवसांत. आम्ही 620 भरले. आणि तीन दिवस आधी कळवून तो आपला व्हॅल्युअर घरी पाठवू शकतो.

आमच्याकडे आलेला गृहस्थ बारा मिनिटं होता. लेझरचं यंत्र भिंतीला लावून खोल्या मोजल्या, खिडकीतून बाहेर बघितलं, रेडिएटरवर हात ठेवला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "हे सेंट्रल हीटिंग मूळचंच का?" प्रश्न सहज नव्हता. लीजधारकाने स्वतःच्या पैशाने केलेल्या सुधारणांमुळे वाढलेली किंमत हिशेबात धरायची नसते, आधीच्या लीजधारकाने केल्या असल्या तरी. माझ्याकडे आधीच्या मालकिणीने दिलेल्या फाइलमध्ये बॉयलर आणि पाइपांचं 2009 चं बिल होतं. ते पुढे केलं, त्याने फोटो काढला, चहा नको म्हणाला आणि गेला. तेव्हा घर घेताना विकणाऱ्याकडची जुनी बिलं मागून घ्या. रद्दी म्हणून टाकू नका.

मग येते काउंटर-नोटीस, म्हणजे मालकाचं उत्तर. आमची शेवटच्या दिवशी संध्याकाळी चार वाजता आली, 13,000 चा आकडा घेऊन. बघून पोटात गोळा येतो, पण घाबरू नका, ती फक्त पहिली बोली असते. त्याने मुदतीत उत्तर दिलंच नाही, तर तुम्ही सहा महिन्यांच्या आत काउंटी कोर्टात जाऊन तुमच्या नोटिशीतल्या अटींवर लीज मागू शकता. म्हणून तर शेवटच्या दिवशी का होईना, उत्तर येतंच.

यापुढे दोन व्हॅल्युअर आपसात बोलतात. दोन महिन्यांत जमलं नाही तर कोणीही ट्रायब्युनलकडे जाऊ शकतं, आणि इथेच लोक फसतात: काउंटर-नोटिशीपासून सहा महिन्यांच्या आत कोणीच अर्ज केला नाही, तर तुमची नोटीस मागे घेतली असं मानलं जातं. बारा महिने नवी देता येत नाही आणि मालकाचा तोवरचा खर्च भरायचा तो वेगळाच. मालकाला घाई नसते, उलट वेळ काढण्यातच त्याचा फायदा. म्हणून बोलणी छान चालली असली तरी पाचव्या महिन्यात अर्ज टाकून ठेवा. त्याने संबंध बिघडत नाहीत. सगळे तसंच करतात, आणि बहुतेक प्रकरणं सुनावणीआधी मिटतात. आमचं अर्ज टाकल्यावर तीन आठवड्यांत 8,400 वर मिटलं.

मालक सापडतच नसेल, तर काउंटी कोर्टातून मार्ग निघतो. वेळ जास्त लागतो, पण अडून राहत नाही.

पायरी 8: सह्या, पैसे, नोंद

अटी ठरल्यावर दोन महिन्यांत काम पुरं झालं नाही तर पुढच्या दोन महिन्यांत कोर्टात जावं लागतं, नाहीतर नोटीस बाद. म्हणून सॉलिसिटरला दर आठवड्याला फोन करा. थोडं लाजिरवाणं वाटतं, पण करा. राहिलेलं ग्राउंड रेंट आणि सर्व्हिस चार्ज आधी चुकते करावे लागतात.

नव्या लीजवर सही साक्षीदारासमोर, प्रत्यक्ष. साक्षीदार त्या कागदात पक्षकार नको, म्हणजे दोघांच्या नावावर फ्लॅट असेल तर नवरा-बायको एकमेकांचे साक्षीदार होऊ शकत नाहीत. आम्ही वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना बोलावलं. त्यांनी सही करता करता स्वतःच्या लीजची चौकशी केली, तीही त्याच 24 जून 1980 ची निघाली.

मॉर्गेज असेल तर बँकेला कळवा. कायद्याच्या रस्त्याने नवी लीज आपोआप त्याच मॉर्गेजखाली येते, आपसातल्या रस्त्याने बँकेची परवानगी आणि वेगळा कागद लागतो. प्रीमियम 40,000 पौंडांच्या पुढे जात असेल तर स्टँप ड्यूटीबद्दल आधीच विचारा, विशेषतः भाड्याने दिलेला फ्लॅट असेल तर. जादा घरावरच्या 5 टक्के अधिभारासाठी जगात कुठेही असलेलं घर मोजतात, ठाण्यातलं तुमच्या नावचं घरसुद्धा. स्वतःच्या राहत्या फ्लॅटसाठी सूट आहे, तिच्या अटी सॉलिसिटरकडून समजून घ्या.

नोंद झाल्यावर रजिस्टर पुन्हा मागवा आणि मुदतीचा आकडा स्वतः वाचा. आमचं जानेवारी 2025 मध्ये हातात आलं, मुदत 2195 पर्यंत. त्याच संध्याकाळी ग्राउंड रेंटची, दर सहा महिन्यांनी 75 पौंडांची, स्टँडिंग ऑर्डर बंद केली. पुढच्या जूनमध्ये मालकाच्या ऑफिसातून जुन्या सवयीने मागणीपत्र आलंच. नव्या लीजचं मिरीच्या दाण्याचं पान जोडून परत पाठवलं.